मदतीला एम.ए. कशाला?

गेल्या हिवाळ्यात आमच्या समाजकार्य महाविद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी शिफारसपत्र मागायला घरी आली. तिला इंग्लंडात एम.ए. करायचं आहे. विषय आहे मानवतावादी मदत आणि संघर्षाच्या काळातलं काम. वर्षभराचा अभ्यासक्रम. राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती मिळाली तर जाणार, नाही मिळाली तर विषय मिटला. ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या माझ्या काकांनी विषयाचं नाव तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे का शिकवतेत तिथं?" ती म्हणाली, पूर आला, लढाई झाली, लोक घरदार सोडून निघाले, तर त्यांच्यापर्यंत मदत कशी पोचवायची ते. काका हसले. "मदत कराले मन लागते पोरी. डिगरी कायले लागते?"

विदर्भात हा प्रश्न विचारायचा काकांना पुरेपूर हक्क आहे. शेंडगावचे गाडगेबाबा कोणत्या विद्यापीठात गेले होते? भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला रोजगार, ही त्यांची दशसूत्री आमच्याकडे शाळांच्या भिंतींवर रंगवलेली असते. 1997 साली जगभरच्या मदत संस्थांनी एकत्र बसून 'स्फिअर' नावाची किमान मानकं ठरवायला घेतली. त्यातली प्रकरणं काढून पाहिली तर पाणी, अन्न, निवारा, आरोग्य. बाबांना जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. दशसूत्रीतलं शेवटचं कलम आहे दुःखी आणि निराश माणसाला हिंमत. मदतीच्या व्यवहारात 'मानसिक आधार' या नावाने ते बरंच उशिरा आलं.

एवढं सगळं मान्य करूनही काकांचं म्हणणं मला पटत नाही. कारण 2020 च्या पुरात मी मन घेऊनच गेलो होतो.

त्या ऑगस्टच्या शेवटी मध्य प्रदेशात तुफान पाऊस झाला, तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, खाली गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले आणि वैनगंगा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठच्या गावांत शिरली. घरोघरी गणपती बसलेले, रोवणी आटोपून बांध्यांमध्ये धान उभा. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावच्या लोकांना शेजारगावच्या जिल्हा परिषद शाळेत आणून ठेवलं होतं. आम्ही चार-पाच जण तोंडाला मास्क बांधून तिथे पोचलो. करोना होताच, पण त्या वर्गखोल्यांमध्ये एकमेकांपासून लांब बसायचं कुठे?

तिसऱ्या दिवशी शहरातल्या एका मंडळाचा टेम्पो आला. माणसं भली होती, दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. टेम्पोतून उतरली कपड्यांची गाठोडी. लग्नाबिग्नात नेसायच्या जरीच्या साड्या, इंग्रजी शाळेचे टाय, एक लोकरी कोट. शिवाय प्रत्येक कुटुंबाला पाच किलो गव्हाची कणीक. आमचा झाडीपट्टीचा मुलूख सकाळ-संध्याकाळ भात खातो. त्यात चूल नाही, लाकडं ओली, तवा पुरात गेलेला. एक म्हातारी ती पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसून होती. मग तिने मलाच विचारलं, "याचं का करू जी?"

बायकांना हवे होते पॅड, कोरडी काडीपेटी आणि शौचालयाच्या दाराला आतून कडी. माणसं दोनशेच्या आसपास, शौचालयं दोन, त्यातल्या एकाला कुलूप. किल्ली गुरुजींकडे, गुरुजी नागपूरला. स्फिअरच्या मानकांनुसार साधारण वीस माणसांमागे एक शौचालय लागतं, माणशी रोज 15 लिटर पाणी आणि साडेतीन चौरस मीटर छप्पर लागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी टेम्पोला फोन करून साड्यांऐवजी कड्या मागवल्या असत्या.

टेम्पोवाल्यांना हसणं सोपं आहे. पण खरी चूक माझ्या हातून झाली. शाळेतल्या कुटुंबांची यादी मी केली. हजेरीच्या वहीची मागची पानं फाडून, सुवाच्य अक्षरात 46 नावं. पुढे जे जे आलं, तांदूळ, ताडपत्र्या, सोलरचे दिवे, ते त्या यादीबरहुकूम वाटलं गेलं, कारण साऱ्या गोंधळात नीट लिहिलेला तेवढा एकच कागद होता. नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, अकरा घरं शाळेत आलीच नव्हती. बैल आणि शेळ्या सोडून त्यांना येता येईना, म्हणून ती माणसं टेकाडावर ताटव्यांच्या आडोशाने राहिली होती. फोन बंद होते. मी चौकशी केली नाही. सहाव्या दिवशी पाणी ओसरल्यावर तिकडची एक बाई आली, शाळेच्या पायरीवर बसली, आणि म्हणाली, "गुरुजी, तुमच्या कागदात आमचा टोला नव्हता का जी?"

आवाजात राग नव्हता. माहिती विचारावी तसं तिने विचारलं. त्या टोल्यावर सगळी गोंडांची घरं आहेत, हे सांगायला नकोच. मी जात बघून नावं गाळली नव्हती. मी जे समोर दिसले त्यांचीच नावं लिहिली आणि जे दिसत नाहीत ते नेहमी कोण असतात, हे स्वतःला विचारलं नाही. समाजकार्य शिकवायला लागून मला तेव्हा सतरा वर्षं झाली होती.

पुढे या विषयातले अभ्यासक्रम कसे चालतात ते मी शोधून वाचलं. मँचेस्टर विद्यापीठात 2008 पासून यासाठी वेगळी संस्था आहे, युरोपातल्या विद्यापीठांचं एक जाळं 1993 पासून एकत्रित पदवी देतं, आपल्याकडे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. अभ्यासात काय असतं? युद्धाचे कायदे, मदतीचा इतिहास, गरजांची पाहणी, धान्य द्यावं की रोख रक्कम, हिशेब, कामगारांची सुरक्षा. बरंचसं रूक्ष आहे. पण गरजांच्या पाहणीत पहिला धडा असतो तो हाच, की जिथे मदत वाटली जाते तिथे कोण आलेलं नाही ते आधी शोधा. हा धडा कुणाच्या मनातून आपोआप उमलला नाही. लोक मेल्यावर तो शिकला गेला.

1994 मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो लोक सीमा ओलांडून झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमाला आले. जगाने मदतीचा वर्षाव केला. छावण्यांत धान्य वाटायचं तर याद्या हव्यात, आणि याद्या करून द्यायला पुढे आले ते गावोगावचे जुने पुढारी. त्यांच्यातलेच कित्येक कत्तलीचे सूत्रधार होते. त्यांनी आकडे फुगवले, जास्तीचं धान्य विकलं, त्या पैशावर आपली माणसं पोसली, छावणीतून परत जाऊ पाहणाऱ्यांना धमकावलं. काही मदत संस्था शेवटी तिथून निघून गेल्या, कारण आपण कुणाला जगवतोय ते त्यांना दिसायला लागलं. स्फिअरची मानकं या घटनेच्या पश्चात्तापातून निघाली आहेत. मी माझ्या 46 नावांची तुलना गोमाशी करत नाही, तेवढा मोठेपणा मला नको. पण यादी करणारा माणूस भला असला तरी ती यादी वाईट निघू शकते, एवढं साम्य आहे.

आणि यादी म्हटलं की विदर्भाइतका अनुभव कुणाला असेल? आमचं निम्मं आयुष्य पंचनाम्यात जातं. पूर आला की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येतात. पिकाचं नुकसान 33 टक्के भरलं तर मदत, 30 भरलं तर नाही. मदत सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला, मग शेत ठेक्याने दुसराच कसत असला आणि बियाणं-खत त्याच्या घामाचं असलं तरी. नवरा गेलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं नसतं, ते सासऱ्याचं असतं. बैल वाहून गेला तर बैल दाखवा. वाहून गेलेला बैल दाखवायचा कुठून?

शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत तर मेलेल्या माणसाचीही पात्र आणि अपात्र अशी विभागणी होते. पात्र ठरला तर कुटुंबाला एक लाख, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार बँकेत ठेव. जमीन नावावर पाहिजे, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं पाहिजे. ज्याने बिनपरवाना सावकाराच्या चिठ्ठीवर पैसे उचलले तो मेला तरी अपात्र. हे नियम दुष्टपणाने केलेले नाहीत. गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणून केले. पण जो सगळ्यात अडचणीत, त्याच्याकडेच कागद सगळ्यात कमी, हे साधं गणित नियम करणाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं.

2006 च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या काळात मदत म्हणून संकरित दुधाळ गाई वाटल्या गेल्या. कोरडवाहू कापसाच्या मुलखात! चारा विकत, पाणी टँकरचं, दूध घालायला जवळ डेअरी नाही. ती गाय दिवसाला घरातल्या माणसांपेक्षा जास्त खायची. लोकांनी गाई विकल्या, कुणी नुसत्या देऊन टाकल्या. मदत करताना आधी नुकसान करू नका, या एका सूत्रावर या विषयात अख्खं सत्र शिकवलं जातं. आमच्याकडे त्या सत्राची सामग्री गोठ्यात बांधलेली होती.

शब्दांचंही तसंच. ज्याचं घर वाहून गेलं त्याला आपण सरकारी मराठीत 'लाभार्थी' म्हणतो. लाभ कसला? आणि त्याला मिळतं ते 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह करतो तो गुरू किंवा देव. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमात निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांची किमान मानकं ठरवायला सांगितलं आहे, विधवा आणि अनाथांचा वेगळा उल्लेख आहे, आणि सानुग्रह मदतही तिथेच आहे. करोनातल्या मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितलं, की ही मदत देणं बंधनकारक आहे. म्हणजे आता अनुग्रह सक्तीचा झाला. हे कलम आमच्या भागातल्या किती सरपंचांनी वाचलं असेल? मी पुरात उतरलो तेव्हा मीही वाचलेलं नव्हतं.

आता संघर्षाकडे येतो, कारण खरी निकड तिथे आहे. विदर्भात संघर्ष म्हटलं की चंद्रपूरच्या माणसाला आधी वाघ आठवतो, आणि तोही विषय काही लहान नाही, पण मी गडचिरोलीबद्दल बोलतोय. मदतीच्या शास्त्राची चार तत्त्वं सांगतात: मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य. यातल्या तटस्थतेचा उगम 1859 च्या सोल्फेरिनोच्या लढाईत सांगितला जातो. आँरी द्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी अल्जेरियातल्या आपल्या धंद्याचं गाऱ्हाणं घेऊन नेपोलियन तिसऱ्याला गाठायला निघाला होता. वाटेत हजारो जखमी पडलेले पाहिले आणि आसपासच्या बायाबापड्यांना घेऊन दोन्ही बाजूंच्या सैनिकांची शुश्रूषा करत बसला. त्यातून 1863 मध्ये रेड क्रॉस उभी राहिली. एटापल्ली-भामरागडकडच्या माणसासाठी मात्र तटस्थता म्हणजे ताटातला भात. रात्री जंगलवाले, म्हणजे नक्षलवादी, आले, बंदूक खांद्याला, जेवण मागितलं. नाही म्हणायची सोय नाही. सकाळी पोलीस आले, रात्री भात कुणाला घातला? इकडे खबऱ्या म्हणून मारलं जायचं, तिकडे समर्थक म्हणून धरलं जायचं. चाळीस वर्षं तिथले शिक्षक, नर्सबाई आणि पुढे आशाताई या दोन प्रश्नांच्या मधून चालत राहिल्या. तटस्थता म्हणजे काय यावर त्यांच्याइतकं अधिकाराने बोलू शकणारे प्राध्यापक कुठे असतील असं मला वाटत नाही. त्यांना कुणी बोलावत नाही, एवढंच.

15 ऑक्टोबर 2025 ला माओवाद्यांचा बडा नेता भूपती 60 सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रं टाकून बाहेर आला. वर्तमानपत्रांच्या लेखी एक अध्याय संपला. गावाच्या लेखी आता सुरू होतोय. आत्मसमर्पण करणाऱ्याला योजनेतून पैसे मिळतात, घर मिळतं. मिळायलाच हवं, नाहीतर बंदूक खाली कोण ठेवील? पण ज्याच्या भावाला खबऱ्या ठरवून मारलं, तो त्याच आठवडी बाजारात मीठ घ्यायला येतो. आणि चकमकीत ज्यांची मुलं गेली त्यांचं काय, त्यांचं नाव कुठल्या यादीत? या दोघातिघांना समोरासमोर बसवायचं काम पोलिसांचं नव्हे, तहसीलदाराचंही नव्हे. हे काम करणारी माणसं जगात घडवली जातात, दक्षिण आफ्रिकेत, रवांडात, कोलंबियात त्याचे बरेवाईट प्रयोग झालेत, आणि ते वाचून, भांडून, तपासून शिकता येतात. आपण मात्र ते 'होईल हळूहळू' वर सोडलंय.

काकांना द्यायचं उत्तर खरं तर गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्याकडे मन होतंच, तरी ते आधी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले, आणि 1986 मध्ये गडचिरोलीत येऊन मोजायला बसले. किती बाळं जन्मली, किती गेली, कोणत्या दिवशी, कशाने. 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. आज देशभरच्या आशा जे करतात त्याचा बराचसा भाग इथल्या मातीच्या घरांत तयार झालाय. मोजणं हेही करुणेचंच काम आहे, पण ते शिकावं लागतं.

यावर माझे काही मित्र नाक मुरडतात. दुःखावर करिअर करायचं का, असं म्हणतात. डॉक्टर काय करतो मग? त्यांचा दुसरा आक्षेप वजनदार आहे. ही पदवी घेऊन मुलं जिनिव्हा-नैरोबीची स्वप्नं बघतात, आणि तिथे आता पैसाच आटलाय. अमेरिकेने 2025 मध्ये आपली यूएसएड ही परदेशांना मदत देणारी संस्थाच गुंडाळली. जगभर माणसं घरी बसली. कर्ज काढून कुणी या शिक्षणाला जावं, असं मी सांगणार नाही. मी तर म्हणेन, शिष्यवृत्तीशिवाय जाऊच नका.

पण म्हणून विषय इथे नको हे कसं? हेच मुळात इथे शिकवा. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात गांधी आणि शांती अध्ययनाचा विभाग आहे. पवनारच्या विनोबांनी 1957 मध्ये शांतिसेना काढली होती. 1938 मध्ये युद्धग्रस्त चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस होते तसे नागपूरचे चोळकरही होते. कोटणीसांचं नाव शाळकरी मुलंही सांगतात, चोळकरांचं आमच्या नागपूरकरांनाही माहीत नसतं. निर्वासित पाहायलाही लांब जायला नको. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची तिसरी पिढी धान पिकवते.

2011 मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं. तिथे दोन वर्षांचा असा एम.ए. सुरू व्हावा. शिकवण्याची भाषा मराठी, आणि माडिया किंवा गोंडीत मुलाखत घेता आल्याशिवाय पास करू नये. महिनाभर मुलांनी भामरागडला पावसाळ्यात राहावं, पर्लकोटा नदी चढते तेव्हा. सोल्फेरिनो आणि गोमा वाचावंच. पण शिकवायला तलाठ्याच्या हाताखालचा निवृत्त कोतवालही असावा, ज्याने वीस पुरांचे पंचनामे पाहिले आहेत. परीक्षेला एकच काम द्यावं: एका गावाची मदतीची यादी घ्या आणि तिच्याबाहेर कोण राहिलं ते शोधून आणा. मार्क त्या बाहेरच्या नावांना. प्रवेशातही मदत वाटल्याचा दाखला मागू नये, मदत घेतल्याचा मागावा. रांगेत उभं राहिलेल्याला रांग कशी लावू नये ते कळतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाची पदं बऱ्याचदा कंत्राटावर भरली जातात, ती कायम करून या मुलांना द्यावीत. खर्च फार नाही. एका पुराच्या सर्वेक्षणाला जेवढी डिझेलची बिलं लागतात, त्याहून थोडा जास्त असेल.

तोवर जी जाते तिला जाऊ द्यावं, म्हणून मी शिफारसपत्र लिहायला बसलो. विद्यापीठाच्या पोर्टलवर एक रकाना होता: क्षेत्रीय मानवतावादी कामाचा अनुभव, कालावधी, संस्थेचं नाव. तिने मान खाली घातली. "सर, काम तर मी केलंच नाही कुठं. 2020 ला आम्ही शाळेत होतो तेवढंच." तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती माझ्या 46 नावांतली होती. बापाच्या नावाखाली, 'मुली 2' म्हणून.

मी तिला लिहायला सांगितलं. कालावधी, सहा दिवस. ठिकाण, जिल्हा परिषद शाळा, खोली क्रमांक तीन. तिने पुढचं बटण दाबलं. पोर्टलने ते घेतलं आणि अर्जाच्या फीचं पान उघडलं. काकांनी चष्मा चढवून पौंडाचे रुपये किती होतात ते विचारलं.